विहिरीच्या मधोमध उभं राहू नये

यारी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. आमच्या जाफराबाद तालुक्यात पूर्वी कुणी असा प्रश्न विचारला असता, तर लोकांनी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग तब्येत विचारली असती. आता पोकलेन येतं, चार दिवस धुरळा उडवतं आणि विहीर म्हणून एक भलामोठा खड्डा करून निघून जातं. त्याला विहीर म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, पण पाणी त्यातही लागतं, त्यामुळे गप्प बसतो.

यारी ही विहिरीच्या काठावर रोवायची. एक उभा लोखंडी खांब, त्यातून विहिरीवर झुकलेली लांब भुजा, भुजेच्या टोकाला कप्पी आणि कप्पीवरून खाली गेलेला तारेचा दोर. दोराला एक मोठं लोखंडी टोपलं. खाली माणसं सुरुंग लावून खडक फोडतात, दगड टोपल्यात भरतात. वर डिझेलचं इंजिन दोर गुंडाळतं, टोपलं वर येतं, भुजा बाजूला फिरवायची, टोपलं ढिगावर उलटं करायचं आणि परत खाली सोडायचं. दिवसभर हेच. मी टेंभुर्णीचा सोपान, जन्मभर या यारीच्या ब्रेकवर पाय ठेवून उभा राहिलो. आमच्या वडिलांनी मेंढरं राखली. ती पायाला लागलेली भिंगरी मी सोडली आणि एका जागी उभं राहण्यात आयुष्य काढलं, असं बायको अजून म्हणते.

या धंद्यातली पहिली गंमत म्हणजे ज्यांचा जीव माझ्या पायाखाली, ती माणसं मला दिसत नसत. यारीवाला काठापासून मागे, इंजिनापाशी. खाली काय चाललंय ते फक्त काठावर ओणव्यानं उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. आमचा काठावरचा माणूस म्हणजे शेषराव. त्यानं हात वर केला की मी दोर ओढायचा, पालथा केला की सोडायचा, मूठ आवळली की जागच्या जागी थांबायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, आणि खालचा आवाज दहा परसांवरून वर येईपर्यंत भिंतींवर आपटून आपटून इतका बदलतो की बोलणाऱ्याच्या आईलाही ओळखू यायचा नाही. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. विहीर आम्ही माणसांनी मोजायचो, फुटांनी नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे नियम. एकच होता. टोपलं वर जाऊ लागलं की खालच्या सगळ्यांनी भिंतीला पाठ लावायची. विहिरीच्या मधोमध कुणी उभं राहायचं नाही. मधली जागा टोपल्याची. नवीन माणूस घेतला की त्याला फावडं देण्याआधी मी हे सांगायचो. आणि तो हसला, तर त्याला अंकुशचा कान दाखवायचो.

अंकुशच्या कानाची कथा अशी. एका बागायतदाराला आमच्यावर फार प्रेम. सकाळ-संध्याकाळ काठावर येऊन खालच्या पोरांची विचारपूस करायचा. एकदा अंकुशनं खालून चुना मागितला. या भल्या माणसानं खिशातून पत्र्याची डबी काढली आणि "घे रे" म्हणून वरून सोडली. टाकलीसुद्धा नाही, नुसती सोडली. तळहातावर ठेवली तर जाणवणारही नाही एवढी ती डबी. अंकुशच्या कानाची पाळी तिनं कापून नेली. दोन बोटं अलीकडे पडली असती तर कथा सांगायला अंकुश उरला नसता. बागायतदार रडायला लागला. "म्या फकस्त सोडली व्हती हो," एवढंच म्हणत होता. अंकुशला मात्र त्या दिवसापासून सगळे अर्धकान्या म्हणायला लागले आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

या डबीचा अर्थ मला पुढं एका मास्तरांनी सांगितला. मास्तर आमच्याच भागातले, रिटायर होऊन शेती करणारे, अंगानं चांगले भरलेले. त्यांच्या मळ्यात आम्ही विहीर करत होतो. आपली विहीर आतून बघायचीच, असा त्यांनी हट्ट धरला. टोपल्यात बसवलं. जमिनीखाली जाताच टोपलं स्वतःभोवती फिरायला लागलं आणि मास्तरांनी ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हाका मारून घेतल्या. वर आल्यावर घाम पुसत म्हणाले, "सोपानराव, तुम्ही दिवसभर काय करता ठाऊक आहे का? स्थितिज ऊर्जा भरता."

मग त्यांनी नीट समजावलं. वस्तू जितकी उंच न्याल, तितकी ताकद तिच्यात साठत जाते. ती दिसत नाही, वस्तू गप्प बसलेली असते. सुटली की तीच ताकद वेग होऊन बाहेर पडते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. झोक्यावरचं पोर, उतारावर न्यूट्रल केलेला ट्रॅक्टर, झाडावरून पडणारी कैरी, सगळीकडे हाच हिशेब. डबी खिशात होती तेव्हाही तिच्यात दहा परसांची ताकद होतीच. ती त्या बागायतदाराच्या खिशात गपगुमान बसली होती.

मी म्हणालो, "मंग मास्तर, तुम्ही टोपल्यात बसले तव्हा तुमच्यात बी लई भरली असंल."

मास्तर खळखळून हसले. पण मला ते शब्द आवडले. ज्या गोष्टीला आपण रोज घाबरतो तिला नाव आहे, हे कळल्यावर बरं वाटतं. हा लेखही त्याच मास्तरांच्या आग्रहामुळे लिहितोय. त्यांना वाटतं, मी गमतीजमती सांगेन. सांगतोय तेवढ्या सांगितल्या. आता कचरूचं सांगतो.

कचरू आमच्या टोळीतला सगळ्यात चांगला खोदणारा. बुटका, रुंद छातीचा, डोक्याला कायम मुंडासं. खडकावर पहारीचं टोक आपटून नुसत्या आवाजावरून सांगायचा की मागं पोकळ आहे की भरीव. नियम पाळण्यात तर इतका काटेकोर की टोपलं रिकामं खाली येत असलं तरी भिंतीला चिकटून उभा राहायचा. अंकुश त्याला चिडवायचा, "तुझं लगीन भिंतीसंगं लागलंय का रं?" कचरू म्हणायचा, "भिंत बरी. सुमनवानी वरडत न्हाई." सुमन ही त्याची बायको. ओरडायची ती, आणि रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन कोसभर चालतही यायची.

टेंभुर्णीच्या पुढं एका मळ्यात रामकिसनची विहीर घेतली होती. रामकिसनला त्याच जागी आधी दोनदा अपयश आलं होतं. घरात त्याची म्हातारी आई, गयामाय. तिनं नवस बोलला होता, की पाणी लागलं की पहिला नारळ मी माझ्या हातानं विहिरीत सोडीन. नारळ तिनं आणूनही ठेवला होता. रोज सकाळी कडेवर मूल घ्यावं तसा तो घेऊन ती बांधावर येऊन बसायची, संध्याकाळी परत घेऊन जायची. आम्ही थट्टा करायचो, "माय, नारळाला कोंब फुटंल." ती म्हणायची, "फुटू दे. पाण्यावरच सोडायचाय न्हवं, झाड उगवंल."

विहिरीत पाणी लागतं तेव्हा खालचा माणूस एकच शब्द ओरडतो. लागलं! बाकी सगळ्या गोष्टींना आमच्याकडे हाताच्या खुणा होत्या, पण या एका गोष्टीला खूण करून कुणाचं समाधान होत नसे. तो शब्द ऐकायला माणसं महिना-महिना थांबलेली असतात. आणि वरच्यांनी तो शब्द ऐकला की इंजिन बंद करायचं, हीही रीत. त्या आवाजात देवाचं काही करू नये म्हणून.

त्या दिवशी सकाळपासून ओल होती. दगड काळे येत होते. बातमी वस्तीवर गेली आणि काठावर माणसं जमली, हलगीवालाही आला. शेषरावानं ओरडून ओरडून त्यांना मागं ठेवलं होतं. दुपारी मी एक टोपलं वर घेतलं, भुजा फिरवली आणि ढिगावर ते उलटं करत होतो, तेवढ्यात खालून कचरूचा आवाज आला.

"लागलं! लागलं रेऽ!"

मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं आणि मग एकदम कल्लोळ. सगळी माणसं काठाकडे धावली. शेषराव ढकलला गेला. हलगी वाजायला लागली. गयामायला रामकिसननं दंडाला धरून पुढं आणलं. तिनं नारळाला कुंकू लावलेलं होतंच. डोळे मिटून तिनं तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि सोडला.

खाली काय झालं ते अंकुशनं मला नंतर सांगितलं. कपारीतून बोटाएवढी धार फुटली होती. जन्मभर भिंतीला पाठ लावून उभा राहणारा कचरू पुढं आला, विहिरीच्या मधोमध. उतार तिकडं होता, पाणी तिकडं साचत होतं. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यानं ते घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायला मान खाली घातली.

वर आम्हाला पुन्हा तोच शब्द ऐकू आला. आता आवाज अंकुशचा होता. "लागलं! लागलं रेऽ! लागलं!"

लोकांना वाटलं, दुसरा झरा लागला. हलगी आणखी जोरात वाजू लागली. एकानं गुलाल उधळला. रामकिसन आईच्या पाया पडला. अंकुश खाली घसा फोडून ओरडत होता, त्याला लागलं, वर घ्या, आणि त्यातला एकच शब्द वर पोचत होता, तो ऐकून माणसं नाचत होती. मराठीत या दोन गोष्टींना एकच शब्द का ठेवला, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. मास्तरांनाही नाही.

शेवटी अंकुशनं ओरडणं सोडलं आणि घण उचलून पहारीवर ठोकायला सुरुवात केली. लोखंडावर लोखंड. तो आवाज मात्र भिंतींनी बदलत नाही. मी शेषरावला हाक मारली. त्यानं माणसांच्या पायांतून वाकून खाली पाहिलं आणि माझ्याकडे वळून मूठ आवळली. त्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर मी इंजिनाचं हँडल मारायला धावलो आणि टोपलं खाली सोडलं.

मी आयुष्यात किती टोपली वर काढली असतील, मोजदाद नाही. दगडांचं टोपलं वर काढताना मनात काही नसतं. ते एक टोपलं वर काढताना मात्र मी दोराचा वेढा न् वेढा मोजत होतो. जलद घ्यावं तर फिरून भिंतीवर आपटेल, हळू घ्यावं तर वेळ जातो. अंकुश टोपल्यात पाय पसरून बसला होता, कचरूचं डोकं मांडीवर, एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं भिंतीपासून टोपलं लोटत लोटत वर येत होता. टोपलं काठाशी आलं तेव्हा हलगी थांबली. मी ब्रेक बांधला आणि पुढं गेलो. कचरूचे डोळे उघडे होते. ओठ हलत होते. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"लागलं," तो म्हणाला.

जालन्याच्या वाटेवर जीपमध्येच तो गेला.

काठावर त्या वेळी एक गोष्ट घडली. गयामाय पुढं येऊन विचारत होती, "काय झालं रे त्याला? कशानं लागलं?" तेव्हा रामकिसन म्हणाला, "टोपल्यातला दगड निसटला, माय." आणि माझ्याकडे बघितलं. टोपलं तर बाजूला ढिगावर उलटं होत होतं, दगड निसटेल कुठून? पण म्हातारी दोन्ही हात कपाळाला लावून उभी होती, ज्या हातांनी नारळ सोडला तेच. मी काही बोललो नाही. शेषराव बोलला नाही. अंकुशही नाही. पोलिसांत वरून वस्तू पडून अपघात एवढीच नोंद झाली. कुठली वस्तू, हे कुणी खोदून विचारलं नाही.

रामकिसनचं ते वाक्य मग गावोगाव फिरलं. सोपानच्या टोपल्यातून दगड सांडतात. ज्या ब्रेकचा मला एवढा अभिमान, त्याच ब्रेकबद्दल लोक मला सबुरीनं समजावू लागले. "जरा बघून भरत जा, दादा." मला राग यायचा, फार राग यायचा, आणि तो काढायला जागा नव्हती. एकदा रामकिसनला बाजारात गाठून म्हणालो, "किती दिस वागवू मी हे?" तो म्हणाला, "माय हाय तवर. तिला कळलं तर ती त्याच हिरीत उडी घेईल, सोपानदादा." ते खरं होतं. म्हातारीला मी ओळखत होतो.

सगळ्यात अवघड गयामायच होती. भेटली की माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "तुझा दोष न्हाई लेकरा. दगडाला काय डोळे असतात?" मी मान हलवायचो. प्रत्येक सुगीला पहिल्या राशीतली पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन ती कचरूच्या दारात जायची आणि सुमनजवळ बसून रडायची. माझ्या हिरीनं तुझा माणूस घेतला म्हणायची.

आणि सुमन. तेराव्याला मी गेलो होतो, तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला. "दादा, नेमकं काय पडलं त्यांच्यावर?" घरात माणसं होती, गयामाय कोपऱ्यात बसली होती. मी म्हणालो, "दगड." त्यानंतर सुमन माझ्याशी कधी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर पदर ओढून दुसऱ्या बाजूनं जायची. मी ते माझ्या वाट्याचं समजून चालत राहिलो.

टोळीत एक बदल मात्र केला. त्या शब्दाला बंदी घातली. पाणी लागलं की खालच्यांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही. सगळ्यांनी टोपल्यात बसून वर यायचं, यारीपासून दूर जायचं आणि मग मालकाच्या कानात सांगायचं, पाणी आलंय. आलंय, लागलं नाही. मालकांना हे विचित्र वाटायचं. एक जण चिडला, "आमच्या आनंदाला तुम्ही सुतक लावून राह्यलेत." लावलं, म्हटलं. पण माझ्या विहिरीत त्यानंतर रिकाम्या तळावरच नारळ पडले.

पुढं पोकलेन आलं आणि यारी बसली. काही वर्षं दारात गंजत उभी होती. गयामाय गेली, त्याला दोन सुग्या झाल्या. आता सुमनला सांगता येईल असं रोज मनात यायचं आणि रोज दुसरं काही काम निघायचं. गेल्या उन्हाळ्यात यारी भंगारात काढली. जालना एमआयडीसीतून टेंपो आला, सोबत उचलायला छोटी क्रेन. माझीच यारी दुसऱ्याच्या दोराला लटकताना बघायची वेळ आली. तिथं वितळवून तिचे गज होणार.

टोपलं शेवटी उचलायचं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून सुमन येताना दिसली. केस पांढरे झालेले. सरळ टोपल्यापाशी येऊन उभी राहिली.

"ह्याच्यातूनच आणलं न्हवं त्यांना वर?"

"व्हय."

तिनं टोपल्याच्या कडेवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांचं मुंडासं म्या धुतलं व्हतं दादा. घड्यांमधी खोबऱ्याचे तुकडे व्हते. करवंटीची कपची व्हती."

"म्हंजी तुला तव्हाच..."

"तव्हाच. तेराव्याला म्या काहून इचारलं तुम्हाला? तुमच्या तोंडून यावं म्हून इचारलं. तुम्ही दगड म्हणले."

"कोपऱ्यात गयामाय बसली होती, सुमन."

"मला दिसत व्हती की." तिनं बोटांना लागलेला गंज पदराला पुसला. "म्हून तर म्या फिरून इचारलं न्हाई. दर साली माझ्या दारात येऊन रडायची. तिला काय सांगू? पण तुमच्यासंगं बोलले असते, तर तोंडातून निघून गेलं असतं माझ्या. म्हून बोललेच न्हाई."

इतकी वर्षं मी समजत होतो की ती माझा तिरस्कार करते. आणि ती तर माझ्याच बाजूला उभी राहून तेच ओझं धरून होती. मला रडू आलं, लपवलं नाही.

क्रेनवाल्यानं टोपल्याला साखळी लावली. टोपलं हललं, जमिनीवरून सुटलं, डोक्याच्या वर गेलं. सुमन तिथंच त्याच्या खाली उभी, वर बघत. मी ओरडलो, "बाजूला सर, सुमन! मधी उभी राहू नको!" ती जागची हलली नाही.

"दादा, एक सांगा. वर आल्यावर काही बोलले का ते?"

कचरूनं तो शब्द कशासाठी उच्चारला, पाण्यासाठी की डोक्यातल्या घावासाठी, हे मी इतकी वर्षं ताडून बघतोय. मला ते माहीत नाही आणि आता कळायचंही नाही.

"लागलं म्हणला," मी सांगितलं.

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पाण्याचं न्हवं?"

"पाण्याचंच," मी म्हणालो, आणि तिचा हात धरून तिला टोपल्याखालून बाजूला घेतलं.